कागद एका जीपचे, लोखंड दुसरीचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांचे प्रदर्शन किंवा फेरी झाली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक फोटो हमखास असतो. हिरवट खाकी रंगाची, बसक्या बॉनेटची, पांढरा तारा काढलेली जीप आणि खाली ओळ, 'दुसऱ्या महायुद्धातील विलीज'. ही माहिती मालकाने दिलेली असते, बातमीदाराने ती उतरवून घेतलेली असते. पुढे गाडी विकायला निघते तेव्हा तेच कात्रण आरसी बुकाला टाचून पुरावा म्हणून दाखवले जाते. अशा अनेक जीपांचे वय पत्र्याच्या मानाने पाच-सात वर्षे आणि चासीच्या मानाने पस्तीस-चाळीस वर्षे असते. देवळालीला तोफखान्याची शाळा असल्याने लष्करी जीप नाशिककरांना अनोळखी नाही, तरीही आपल्याकडे फसगत होते. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

प्रतिकृती बांधण्यात वाईट काही नाही. शेल्बी कोब्रा १९६०च्या दशकात जेमतेम हजारभर बनली. आज जगात दिसणाऱ्या कोब्रांतल्या बहुतेक फायबरच्या प्रतिकृती आहेत आणि त्यांचे मालक ते उघड सांगतात. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलचा तळ साधारण बारा इंच कापून, आखूड करून त्यावर उभ्या राहतात. अर्जेंटिनातला पुर सांग हा कारखाना बुगाटी टाइप ३५ इतकी नेटकी बांधतो की नुसत्या नजरेने फरक सांगणे अवघड. जग्वारने तर स्वतःच हे केले. लाइटवेट ई-टाइपसाठी १९६३ मध्ये १८ चासी क्रमांक राखले होते, गाड्या बनल्या १२. उरलेल्या सहा क्रमांकांवर कंपनीने २०१४ पासून सहा नव्या गाड्या बांधल्या. त्याला काय म्हणावे यावर शौकिनांत आजही वाद आहे, पण आपण नवी गाडी घेतो आहोत हे विकत घेणाऱ्याला ठाऊक होते.

आमची तक्रार वेगळी आहे. प्रतिकृती हवेतून तयार होत नाही. तिच्यासाठी कोणती तरी अस्सल गाडी कापावी लागते, आणि ती कोणती कापली याची नोंद कुठेच राहत नाही. फेरारी २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. त्यांची नक्कल करण्यासाठी त्याच घराण्यातल्या २५० जीटीई या चार आसनी गाड्यांचा बळी गेला. जीटीई साडेनऊशेच्या आसपास बनल्या होत्या आणि एके काळी स्वस्त मिळत होत्या, म्हणून इंजिन काढायचे, चासी आखूड करायची आणि बॉडी भंगारात टाकायची. आज जीटीईलाही शौकीन शोधत फिरतात, पण कापलेल्या परत येत नाहीत. आपल्याकडची जीटीई म्हणजे महिंद्रची सीजे-३बी. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली, पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे तीच होती. जतन करण्यासारखी गाडी ती आहे. पण तिच्या नावाला भाव नाही आणि विलीजच्या नावाला आहे, म्हणून तीच कापली जाते.

हे काम कसे होते ते सांगितल्याशिवाय ओळखायचे कसे ते कळणार नाही.

सीजे-३बीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर) महायुद्धातल्या विलीज एमबीइतकाच, ८० इंच. त्यामुळे चासीला हात न लावता वरची बॉडी उतरवायची आणि बसक्या बॉनेटची नवी बॉडी ठेवायची, हा सोपा मार्ग. अडचण इंजिनाची येते. सीजे-३बीचे हरिकेन इंजिन एफ-हेड आहे, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्या उंचीसाठीच तर बॉनेट उंच केले होते. बसक्या बॉनेटखाली ते सरळ बसत नाही, म्हणून ते काढून दुसरे काही तरी, बहुतेक वेळा डिझेल, घातले जाते. दुसरा मार्ग महिंद्रच्याच नंतरच्या एमएम ५४० जीपचा. या जीपा अजून भरपूर मिळतात, पण व्हीलबेस ९१ इंच. म्हणजे चासी मधोमध कापून ११ इंच काढायचे, मागच्या चाकांना जोर पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच आखूड करायचा आणि ब्रेकचे पाइप, वायरिंग नव्याने ओढायचे. बॉडी तयार मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर अशा खुल्या जीपा बांधण्याचा मोठा बाजारच आहे. अलीकडे लेझर कटिंग आणि सीएनसी बेंडिंग प्रत्येक औद्योगिक वसाहतीत हाताशी असल्याने पुढची जाळीसुद्धा हुबेहूब कापून मिळते.

चासी कापण्यात काय बिघडते तेही पाहू. घाईचा मिस्त्री दोन्ही पट्ट्या एकाच जागी, काटकोनात सरळ कापतो, टोकाला टोक लावून वेल्डिंग करतो आणि ग्राइंडर मारून पुट्टीने सपाट करतो. चासीला पीळ बसतो तो नेमका मध्ये. वेल्डच्या कडेचे लोखंड तापून कडक झालेले असते, तडा तिथूनच जातो. निदान तिरपा किंवा पायरीसारखा काप, दोन्ही बाजूंचे सांधे पुढे-मागे आणि आतून बसवलेली जाड पट्टी एवढे तरी लागते. बहुतेक जोडांत ते नसते. प्रॉपेलर शाफ्ट आखूड झाला की तेवढीच उंची कमी अंतरात उतरायची असल्याने त्याचा कोन वाढतो. शाफ्ट बॅलन्स न करता बसवला की ताशी पन्नास-साठच्या वेगाला गाडी थरथरते, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे फिरते सांधे) लवकर खलास होतात आणि मालक दर वेळी क्रॉसला दोष देत नवा टाकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, स्टिअरिंग सरळ ठेवून. ८० इंच म्हणजे २०३२ मिलिमीटर. डावी-उजवीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाटे आणि त्यांच्या बुश आधी तपासा. ते ठीक असतील तर चासीच्या मधल्या भागावर तारेचा ब्रश मारून जोड शोधा.

आता ओळख. महायुद्धाच्या काळात एमबी विलीजने आणि तीच गाडी जीपीडब्ल्यू नावाने फोर्डने बनवली, मिळून सहा लाखांहून अधिक. त्यामुळे अस्सल जीप भारतात असणे अशक्य नाही. जाळीला नऊ उभ्या खाचा असतात, नंतरच्या मुलकी सीजे जीपांना सात. पण खाचा मोजून समाधान मानणाऱ्यालाच गंडवणे सर्वांत सोपे, कारण नऊ खाचांची जाळी आज कोणीही कापून देतो. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या पितळी-जस्ती पाट्यांचेही तसेच, नव्या कोऱ्या विकत मिळतात. नक्कल करणारा जिथे खर्च करत नाही तिथे पाहावे.

पुढच्या बंपरच्या मागे खाली वाका. दोन चासीपट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा सदस्य विलीज एमबीमध्ये गोल नळी असतो, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा पत्रा. गोल नळी नसेल तर ती एमबी नाही, हे नक्की. नळी नाही म्हणजे फोर्ड असेल, असेही समजू नये. नंतरच्या मुलकी जीपांनाही ती नळी नसते. फोर्ड म्हणवणाऱ्या गाडीत सुट्या भागांवर आणि बोल्टच्या डोक्यांवर एफ हे अक्षर शोधा. त्या कारखान्याची ती सवय होती.

मग मागच्या हबकडे या. एमबीचा मागचा अॅक्सल फुल-फ्लोटिंग, म्हणजे हबवर पुढच्या चाकासारखाच बोल्टने कसलेला फ्लँज दिसतो. सीजे-३बीच्या अॅक्सलला मध्यभागी एकच मोठा नट असतो. डिफ्रन्शियल, म्हणजे शाफ्टचा जोर दोन्ही चाकांना वाटणारा दातेरी गाळा, तोही खोटे बोलत नाही. एमबीचे प्रमाण (डिफ्रन्शियलच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ४.८८, म्हणजे क्राउनला ३९ दाते आणि पिनियनला ८. सीजे जीपांचे साधारण ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. मोजायला डिफ्रन्शियल उघडावे लागत नाही. गियर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा (या जीपांचा हँडब्रेक चाकाला नसून ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो, तो ओढलेला राहिला तर शाफ्ट हलणारच नाही), जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरे चाक स्थिर असल्याने दोन फेऱ्यांचा हिशेब डिफ्रन्शियलच्या एका फेऱ्याइतका होतो. शाफ्ट पाचाला किंचित कमी फिरला तर ४.८८, पाच पुरे होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८. दहा मिनिटांचे काम आहे.

बॉनेट उघडल्यावर मूळ गो-डेव्हिल इंजिन, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती, ओळखायला फार शिकावे लागत नाही. हेड सपाट, त्यात वरून उभे बसवलेले चार प्लग, व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. वर रॉकर कव्हर दिसले की ते इंजिन वेगळे. हेडलाइट बिजागरीवर असतात, नट सैल करून उलटे फिरवले की उजेड इंजिनावर पडतो. रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून ही सोय होती आणि नकली गाडीत ती बहुधा नसते. पेट्रोल टाकीचे तोंड ड्रायव्हरच्या आसनाखाली असते, गादी उचलून भरावे लागते. मागे फळी उघडत नाही. मुलकी जीपची मागची फळी वेल्ड करून बंद केली असेल तर आतल्या बाजूने शिवण दिसते. महायुद्धातल्या सगळ्या जीपा डाव्या हाताच्या. उजव्या हाताची गाडी फिरवून डावी केली असेल तर फायरवॉलवर (इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्यावर) उजवीकडे बुजवलेली भोके सापडतात. आणि खिशात पाने ठेवा. मूळ जीपचे नट-बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३चा पाना थोडा खुळखुळतो, ९/१६च्या डोक्यावर १४चा पाना जातच नाही. जिथे तिथे १० आणि १७चे पाने चपखल बसू लागले की गाडीची जन्मतारीख पुढे सरकवायला हरकत नाही.

बॅटरी १२ व्होल्टची आहे किंवा किल्लीने सुरू होते म्हणून मात्र गाडीला नकली ठरवू नये. मूळ ६ व्होल्ट आणि पायाने दाबायचा स्टार्टर असला तरी अनेक अस्सल जीपांत सोयीसाठी बदल झाले आहेत. कार्ब्युरेटर, डायनॅमो, टायर यांचेही तसेच. ऐंशी वर्षे चाललेल्या गाडीत काहीच बदललेले नसेल तर उलट जास्त संशय घ्यावा.

खरा घोळ कागदात आहे. एमबीचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीला आतून रिव्हेट केलेल्या छोट्या पाटीवर असतो, फोर्डचा डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो. पाटी काढून दुसरीकडे लावायला दोन रिव्हेट पुरतात. कुठल्या तरी वाड्यात कुजून गेलेल्या जीपचे आरसी बुक घरात जपून ठेवलेले असते. तिची पाटी आणि ते बुक विकत घ्यायचे, कापलेल्या चासीवर पाटी मारायची, आणि १९४४ची जीप तयार. इंजिन क्रमांकाचेही थोड्याफार फरकाने असेच. म्हणून क्रमांक जुळतो एवढ्यावर थांबू नये. नोंदणीच्या अर्जासाठी चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट घेतात, तसाच स्वतः घेऊन पाहा. अक्षरांची खोली असमान, रेघ तिरकी, भोवतालचा भाग घासून चकचकीत किंवा रिव्हेटची डोकी कोरी असतील तर व्यवहार थांबवावा.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षे मुदत, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि पाच वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आरसीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करू देत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे ११ इंच कापलेली एमएम ५४० व्हिंटेजमध्ये बसत नाहीच, शिवाय मालकाच्या गळ्यात वेगळा फास. खोट्या विलीजचा खरेदीदार पैशांबरोबर हे सगळे विकत घेतो.

नियम आल्यापासून एक नवा दबाव तयार झाला आहे. पूर्वी खोटी जीप मिरवण्यापुरती होती, आता तिला पन्नास वर्षांचा दाखला मिळाला तर ती भंगारातून सुटते आणि किंमतही वाढते. त्यामुळे जुन्या, मेलेल्या गाड्यांच्या आरसी बुकांना स्वतंत्र बाजारभाव येऊ लागला आहे. तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांना एक टेप, एक खडू, इंची पान्यांचा एक संच आणि वर सांगितलेली यादी दिली तरी बरेच दाखले अडतील.

छंदावर परिणाम काय झाला? अस्सल गाडीवाल्यालाच आता आपली गाडी अस्सल असल्याचे सिद्ध करावे लागते. खरेदीदार प्रत्येक विलीजला नकली समजून भाव करतो, म्हणून चांगली गाडी बाजारात येतच नाही, घरात पडून राहते, आणि बाजारात उरतात त्या बहुतेक शंकास्पद. परीक्षकांचीही पंचाईत होते. चकचकीत रंगाची, सगळे नवे असलेली प्रतिकृती शेजारच्या मळकट पण खऱ्या गाडीपेक्षा जास्त गुण मिळवते, मग खऱ्या गाडीचा मालक पुढच्या वर्षी तिला घासून-पुसून, मूळ रंग खरवडून उभी करतो. मूळ रंगाचा थर एकदा गेला की परत आणता येत नाही, आणि तोच त्या गाडीचा सर्वांत भक्कम पुरावा होता. प्रतिकृतींचा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ६.००-१६ मापाचे टायर, गॅस्केट, पाटे, ब्रेकचे सामान आजही सहज मिळते त्यात या बांधकामांचा वाटा आहे.

लग्नाच्या 'व्हिंटेज'बद्दल थोडे. लगीनसराईत गंगापूर रोडच्या लॉन्सपुढे ज्या लांब नाकाच्या, पितळी भोंग्याच्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतात त्या कशाचीच प्रतिकृती नाहीत. खाली जीप, अॅम्बेसेडर किंवा मारुती आणि वर फायबर. त्यांनी शौकिनांचे फारसे नुकसान होत नाही, त्यांत बसणाऱ्यांचे होऊ शकते. रेडिएटर खोट्या जाळीच्या बराच मागे असतो, वरातीचा वेग चालण्याचा आणि पंखा इंजिनाच्या वेगावर, म्हणून पाणी उकळते. तापमानाच्या स्विचवर चालणारा १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंखा, त्याला कडेने आच्छादन आणि जाळीमागे मोकळी वाट केली की हा त्रास मिटतो. स्टिअरिंगचा दांडा मात्र वेल्ड करून लांबवलेला असेल तर ती गाडी वरातीला घेऊच नये. ज्यांच्याकडे खरी, व्हीए क्रमांकाची गाडी आहे त्यांनीही ती भाड्याने वरातीत देऊ नये, नोंदणीच्या अटीत ते बसत नाही.

'व्हिंटेज' या शब्दाचे वर्षही प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगतो. ब्रिटिश क्लबांच्या परंपरेत १९३० अखेरपर्यंतची गाडी व्हिंटेज, आपल्या मोटार विमा टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची, आणि नोंदणी नियमांत पन्नास वर्षांची कोणतीही. पाटीवर कोणती व्याख्या धरली आहे ते लिहिले तरी निम्मे वाद टळतील.

नाशिकमध्ये फेरी किंवा प्रदर्शन भरवणाऱ्यांना आमची विनंती अशी. प्रतिकृतींचा वेगळा गट करा आणि त्याला वेगळे बक्षीस ठेवा. चांगली प्रतिकृती बांधणे हे कसबाचे काम आहे, त्याचे कौतुक त्याच्याच नावाने व्हावे. प्रत्येक गाडीच्या काचेमागे एक कार्ड असावे. त्यावर मूळ चासी कोणत्या गाडीची आणि कोणत्या सालची, इंजिन कोणते, बॉडी कधी आणि कोणी बांधली आणि चासी कापली असल्यास किती इंच, एवढे लिहावे. मालकाने सांगायला नकार दिला तर ते रकाने कोरे ठेवून कार्ड तसेच लावावे. महिंद्र सीजे-३बीचाही स्वतंत्र गट असावा, उंच बॉनेटसकट. तिला स्वतःच्या नावाने बक्षीस मिळू लागले की तिच्यावर कटर चालवण्याचे कारण उरणार नाही. अंबड-सातपूरच्या ज्या कारागिरांना विलीजची बॉडी बांधता येते त्यांना सीजे-३बीचे कुजलेले फ्लोअर आणि बाजूचे पत्रेही बनवता येतील, काम तेच आहे.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. फोटोखाली 'दुसऱ्या महायुद्धातील' असे छापण्यापूर्वी छायाचित्रकाराला सांगा, बंपरमागे वाकून आणखी एक फोटो काढ. नळी गोल असेल तर तो फोटोही छापा. नसेल तर ओळीत फक्त 'जीप' एवढेच पुरे.

आपले,
जुन्या गाड्यांची दुरुस्ती व जतन करणारे काही वाचक,
नाशिक